जप्त मुखवट्यांचे अभिरक्षक

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगत, व्हँकूवर बेटाच्या ईशान्य कडेला, कॉर्मोरंट नावाचे एक चिमुकले बेट आहे आणि त्या बेटावर ॲलर्ट बे हे गाव आहे. सामन मासा आणि सीडर वृक्ष या दोहोंच्या आधाराने शतकानुशतके नांदत आलेल्या क्वाक्वाकावाक्व लोकांचे, ज्यांना जुन्या ग्रंथांत क्वाकिउट्ल म्हटले जाई त्यांचे, हे एक प्रमुख ठाणे. नकाशात शोधू जाता सहजी न सापडणाऱ्या या गावाचा पदार्थसंग्रहालयांच्या इतिहासाशी जो संबंध आला, तो बर्लिन, न्यूयॉर्क किंवा ओटावा या नगरांच्या संबंधाहून तिळमात्र कमी महत्त्वाचा नाही, असे माझे मत आहे. आदिवासी कलांचा अभिरक्षक, म्हणजे इंग्रजी अमदानीपासून आपण ज्याला क्यूरेटर म्हणत आलो तो अधिकारी, हा हुद्दा कसा उत्पन्न झाला, त्याच्या हातून कोणते अपराध घडले, ते त्याला कोणी दाखवून दिले आणि अखेरीस त्या आसनावर कोण येऊन बसले, हा सारा वृत्तांत या एका किनाऱ्यावरच्या शंभर वर्षांत जितका स्वच्छ वाचता येतो तितका तो अन्यत्र क्वचितच वाचता येईल.

या क्वाक्वाकावाक्व लोकांच्या वस्तू म्हणजे नेमके काय, हे प्रथम सांगितले पाहिजे, कारण पुढच्या सर्व अनर्थाचे मूळ ते न कळण्यातच होते. नामकरण, विवाह, मृताचे स्मरण, घराण्याच्या प्रमुखपदाचा वारसा, असा कोणताही अधिकार एका माणसाकडून दुसऱ्याकडे जावयाचा असेल, तर घरधन्याने दूरदूरच्या गावांना आमंत्रणे धाडावी, सीडरच्या प्रचंड तुळयांनी उभारलेल्या मोठ्या घरात मध्यभागी अग्नी पेटवावा, आपल्या घराण्याची गाणी, नृत्ये आणि मुखवटे क्रमाने पाहुण्यांसमोर आणावे, आणि शेवटी ब्लँकेटे, पिठाची पोती, भांडी, नौका अशा वस्तू वाटून त्या पाहुण्यांना आपल्या अधिकाराचे साक्षी करून घ्यावे, असा हा विधी. त्याला पॉटलॅच म्हणतात. आपल्याकडे लग्नघरात आहेराची वही घेऊन बसलेला वडीलधारा माणूस कोणी काय दिले हे टिपून ठेवतो, तसे तेथे आलेला प्रत्येक पाहुणा घरधन्याने कोणाला काय दिले आणि कोणता हक्क कोणाच्या नावे केला हे स्मरणात टिपून ठेवतो. लिखित दप्तर नसलेल्या समाजाचे ते दप्तर होते, आणि मुखवटे हे त्या दप्तरातील दस्तऐवज होते.

यांतील एक जात विशेष निरखून पाहण्याजोगी आहे. बाहेरून पाहता तो एका पक्ष्याचा किंवा माशाचा मुखवटा दिसतो; चोच लांब, डोळे काळ्या-तांबड्या रंगाने रेखलेले. परंतु तो सलग लाकडाचा नसतो. त्याचे दोन किंवा चार फाळके केलेले असतात, ते चामड्याच्या बिजागऱ्यांनी मूळ चौकटीशी जोडलेले असतात, आणि त्यांना बांधलेल्या दोऱ्या आतल्या बाजूने नर्तकाच्या हातात आलेल्या असतात. नर्तक अग्नीभोवती फिरत येतो, गाण्याच्या ठरावीक जागी दोऱ्या ओढतो, फाळके दोन्ही बाजूंना उलगडतात, आणि पक्ष्याच्या पोटातून एक मनुष्यमुख, त्या घराण्याच्या मूळ पुरुषाचे मुख, बाहेर येते. फाळक्यांच्या आतल्या बाजूही चितारलेल्या असतात, त्यामुळे उघडलेला मुखवटा मिटलेल्या मुखवट्याच्या दुपटीहून अधिक विस्तार पावतो. हा मुखवटा मिरवण्याचा हक्क एकाच घराण्याचा. ते गाणे दुसऱ्याने म्हणू नये, तो मुखवटा दुसऱ्याने घडवून घेऊ नये. काचेच्या कपाटात तो मिटलेला ठेवला तर मूळ पुरुष दिसत नाही, उघडून ठेवला तर पक्षी दिसत नाही, आणि कोणत्याही स्थितीत ठेवला तरी दोऱ्या ओढणारा हात तेथे नसतो. तांब्याच्या ढालीसारख्या पत्र्यांचेही असेच. प्रत्येक ताम्रपट्टाला स्वतःचे नाव असते, आणि त्याचे मोल धातूच्या वजनावर ठरत नसून तो पूर्वी कोणाकडून कोणाकडे, किती ब्लँकेटांच्या बदल्यात गेला यावर ठरते. म्हणजे त्याचा इतिहास हेच त्याचे मोल असते.

अशा वस्तूंच्या राखणीची विद्या त्या समाजात पूर्वीपासून होती. कोणता मुखवटा कोणत्या पेटीत ठेवावा, तो कोणत्या रात्री कोणाच्या मागून बाहेर काढावा, त्याचे गाणे कोणाला यावे, तो कन्येच्या विवाहात जावयाच्या घरी जाईल की पुत्राकडे राहील, हे जाणणारी माणसे घराघरांत होती. संग्रहालयांनी अभिरक्षक नेमण्याच्या फार पूर्वी हे अभिरक्षक होते, आणि ही गोष्ट ध्यानात धरली म्हणजे पुढचा इतिहास निराळ्या प्रकाशात दिसू लागतो.

१८६२ साली व्हिक्टोरिया बंदरातून देवीची साथ किनाऱ्याने उत्तरेकडे पसरली आणि तिने गावेच्या गावे ओसाड पाडली. हे लोक आता फार दिवसांचे सोबती नाहीत, अशी समजूत युरोप-अमेरिकेतील पंडितांत रूढ झाली, आणि माणसे वाचत नसतील तर निदान वस्तू तरी वाचवाव्या या बुद्धीने संग्राहकांची रीघ या किनाऱ्यावर लागली. बुद्धी सर्वस्वी दुष्ट होती असे म्हणता येणार नाही. परंतु मरणासन्न मानलेल्या माणसाला त्याच्या वस्तूंविषयी काही विचारण्याची आवश्यकता कोणाला वाटत नाही, आणि तसेच घडले. बर्लिनच्या संग्रहालयासाठी याकोब्सन या दर्यावर्दी संग्राहकाने येथून पुष्कळ वस्तू नेल्या, आणि त्या वस्तू पाहूनच फ्रान्झ बोआस या तरुण जर्मन पंडिताचे चित्त या किनाऱ्याकडे ओढले गेले. १८८६ साली तो प्रथम येथे आला.

बोआसने या शास्त्राला एक मोठा विचार दिला, तो कृतज्ञतेने नोंदवला पाहिजे. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात ओटिस मेसन हे गृहस्थ जगभरच्या वस्तू प्रकारवार मांडीत. सर्व जमातींचे खुळखुळे एका ओळीत, सर्व जमातींची धनुष्ये दुसऱ्या ओळीत, अशी त्यांची रचना. १८८७ साली बोआसने या रचनेवर जाहीर आक्षेप घेतला. खुळखुळा हा केवळ आवाज करण्याचे साधन नसून तो ज्या लोकांचा आहे त्यांच्या धर्माचा आणि संगीताचा तो अंश आहे, म्हणून तो त्या लोकांच्या इतर वस्तूंच्या सान्निध्यातच पाहिला पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. पुढे न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयात त्याला अधिकारपद मिळाले आणि हे तत्त्व त्याने तेथील दालनात आचरून दाखवले. परंतु प्रेक्षकांच्या रंजनासाठी मांडणी सोपी करावी असा आग्रह वरिष्ठांनी धरला तेव्हा त्याचा मतभेद विकोपाला गेला, आणि १९०५ साली त्याने ते संग्रहालय सोडले. संग्रहालयाची भिंत जेवढे सांगू शकते त्याहून फार अधिक त्या वस्तूंत आहे, हे त्याला कळून चुकले होते.

पण हे त्याला कळले कोणामुळे? याच किनाऱ्यावरील फोर्ट रूपर्ट येथील जॉर्ज हंट याच्यामुळे. हंटचा जन्म १८५४ सालचा. बाप हडसन्स बे कंपनीच्या चाकरीतला इंग्रज, आई उत्तरेकडील ट्लिंगिट जमातीतील कुलीन स्त्री. बालपण क्वाक्वाकावाक्व लोकांत गेले, त्यांची क्वाक्वाला भाषा त्याची झाली आणि विवाहही त्यांच्यातच झाला. १८९३ साली शिकागो येथे जे जागतिक प्रदर्शन भरले, आणि ज्याच्या अनुषंगाने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंदांचे भाषण झाल्यामुळे ज्याचे नाव आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे, त्याच प्रदर्शनाच्या आवारात हंट आपल्या लोकांचे एक पथक घेऊन त्या उन्हाळ्यात राहिला होता. तेथे बोआसने त्याला क्वाक्वाला भाषा लिहून काढण्याची रीत शिकवली. त्यानंतर १९३३ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे चाळीस वर्षे, हंट न्यूयॉर्कला हस्तलिखिते पाठवीत राहिला. कथा, वंशावळी, गाणी, नौका कोरण्याची कृती, इतकेच नव्हे तर सामन मासा आणि बोरे-फळे रांधण्याच्या कित्येक कृती त्यांत होत्या, आणि त्या कृतींचे ज्ञान बहुतांशी त्याच्या घरातील स्त्रियांकडून आलेले होते. १८९७ साली या लोकांच्या समाजरचनेवर बोआसचा जो विख्यात ग्रंथ निघाला, त्याचा पाया हंटच्या माहितीचाच होता.

या ग्रंथाची एक उत्तरकथा आहे आणि मला ती ग्रंथाहून अधिक मोलाची वाटते. छापून आलेल्या चित्रांखालची आणि वर्णनांतली चुकीची विधाने हंटच्या मनाला सलत होती. अमुक मुखवटा अमुक नृत्याचा म्हणून छापला आहे, तो वस्तुतः दुसऱ्याचा. अमुक वस्तूच्या मालकाचे नाव दिलेच नाही. १९२० च्या पुढे, वयाची पासष्टी उलटून गेल्यावर, तो या दुरुस्त्या लिहून पाठवू लागला आणि त्यांची शेकडो पाने झाली. ती पाने बोआसच्या हयातीत प्रसिद्ध झाली नाहीत. संग्रहालयाच्या नोंदवहीत वस्तूपुढे जे लिहिले जाते ते खरे असले पाहिजे, आणि खरे म्हणजे मालकाच्या घरात जे सांगितले जाते त्याच्याशी जुळणारे असले पाहिजे, या आग्रहाने एका वृद्धाने केलेले हे काम अभिरक्षकाच्या धर्माचे पहिले आचरण होय. त्याला संग्रहालयात स्थायी हुद्दा कधीच मिळाला नाही. त्याने स्वतःही वस्तू विकत घेऊन बाहेर धाडल्या, आणि त्यांतल्या काहींविषयी पुढच्या पिढ्यांच्या मनात दुःख राहिले, हेही येथे लपवून ठेवण्याचे कारण नाही.

इकडे कॅनडाच्या सरकारने पॉटलॅचवर बंदी घातली होती. १८८४ साली आदिवासींच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि १८८५ च्या आरंभापासून ती अमलात आली. पॉटलॅच करणारास किंवा त्यात साहाय्य करणारास दोन ते सहा महिन्यांची कैद. मिळवलेले सर्व वाटून टाकणारा मनुष्य उद्योगी ख्रिस्ती नागरिक होऊ शकत नाही, असा मिशनऱ्यांचा आणि अंमलदारांचा पक्ष होता. पहिली काही दशके हा कायदा बराचसा कागदावर राहिला. हंटवरही १९०० साली या कायद्याखाली खटला झाला, आणि तो त्यातून निर्दोष सुटला. परंतु पुढे कायद्यात बदल होऊन स्थानिक अंमलदारालाच असे खटले चालवण्याची मुभा मिळाली, आणि ॲलर्ट बे येथील अंमलदार विल्यम हॅलिडे याने तो अधिकार वापरण्याचा निश्चय केला.

१९२१ च्या डिसेंबरात, नाताळच्या सुमारास, व्हिलेज आयलंड या दुर्गम बेटावर डॅन क्रॅनमर याने सहा दिवसांचा पॉटलॅच केला. त्या किनाऱ्यावरच्या सर्वांत मोठ्या समारंभांत त्याची गणना होते. वार्ता फुटली. ४५ जणांवर आरोप ठेवण्यात आले. आरोपांची यादी वाचताना मन विषण्ण होते: भाषण करणे, नृत्य करणे, वाटपाच्या वस्तू रचून ठेवणे, त्या पाहुण्यांपर्यंत नेऊन पोचवणे. खटला गावातच चालला आणि दंडाधिकाऱ्याच्या आसनावर स्वतः हॅलिडेच होता. त्यानंतर एक तडजोड पुढे करण्यात आली: ज्या गावातील लोक पुन्हा पॉटलॅच न करण्याचे लिहून देतील आणि आपले सर्व मुखवटे, ताम्रपट्ट व इतर सामग्री सरकारजमा करतील, त्या गावच्या आरोपींची शिक्षा तहकूब राहील. काहींनी आपली माणसे वाचवण्यासाठी घरातल्या पेट्या उघडल्या. ज्यांनी मानले नाही असे सुमारे वीस स्त्री-पुरुष व्हँकूवरजवळच्या ओकाला तुरुंगात गेले.

जप्तीचा तो मुद्देमाल ॲलर्ट बेच्या चर्चच्या सभागृहात बाकांवर ओळीने मांडला गेला. त्या प्रसंगाची छायाचित्रे उपलब्ध आहेत. ज्या वस्तू अग्नीच्या प्रकाशात, ठरलेल्या रात्री, ठरलेल्या घराण्याच्या माणसानेच आणाव्या, त्या दिवसाच्या उजेडात, प्रवेशमूल्य आकारून, येईल त्याला दाखवल्या गेल्या. न्यूयॉर्कचा धनाढ्य संग्राहक जॉर्ज हाय याच वेळी तेथे आला आणि हॅलिडेने त्याला त्यांतल्या निवडक वस्तू परस्पर विकल्या. परकीयाला माल विकल्याबद्दल ओटावाहून त्याची कानउघाडणी झाली, मालकाची संमती नसल्याबद्दल मात्र झाली नाही. उरलेला माल ओटावाच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेला. तेथे मानववंशशास्त्र विभागाचा प्रमुख एडवर्ड सापिर हा बोआसचाच शिष्य आणि भाषाशास्त्रातील थोर पंडित होता. त्याने वस्तूंचे मूल्यांकन केले आणि त्यानुसार मालकांसाठी अल्पशी रक्कम मंजूर झाली, पण ताम्रपट्टांचे मोल तीत धरलेलेच नव्हते. काही वस्तू टोरोंटोच्या संग्रहालयाकडे गेल्या, आणि काही आदिवासी खात्याचा सर्वोच्च अधिकारी डंकन कॅम्बेल स्कॉट याने स्वतःजवळ ठेवल्या. हा स्कॉट आपल्या देशात कवी म्हणून मान्यता पावलेला मनुष्य होता. विद्वत्ता आणि रसिकता या दोन्ही गुणांनी या प्रसंगी कोणाला अडवले नाही, हे या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकाने गाठीला बांधून ठेवावे.

दुसऱ्या महायुद्धानंतर वारे पालटले. १९५१ साली आदिवासींचा कायदा नव्याने लिहिला गेला तेव्हा पॉटलॅचबंदीचे कलम गुपचूप गाळण्यात आले. ना जाहीरनामा, ना क्षमायाचना. याच काळात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात एक मानववंशशास्त्रीय संग्रहालय आकाराला येत होते. त्याचे संचालक हॅरी हॉथॉर्न आणि अभिरक्षक त्यांच्या पत्नी ऑड्री हॉथॉर्न. घराण्यांची चिन्हे कोरलेल्या तुटक्या लाकडी स्तंभांच्या दुरुस्तीसाठी त्यांनी फोर्ट रूपर्टचे वृद्ध मूर्तिकार मंगो मार्टिन यांना पाचारण केले. मार्टिन कोरीतही आणि गातही. स्तंभाच्या दुरुस्तीबरोबर ते त्या स्तंभाचा वृत्तांत सांगू लागले, संग्रहात आलेल्या मुखवट्यांची नावे आणि घराणी सांगू लागले, आणि संगीतशास्त्रज्ञ आयडा हाल्पर्न यांच्यासाठी त्यांनी आपली गाणी ध्वनिमुद्रित करू दिली. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून अनेक कुटुंबांनी उरलेल्या वस्तू या संग्रहालयाला विकल्या. हा व्यवहार रोखीचा आणि राजीखुशीचा होता. तथापि जप्तीची दहशत आणि दारिद्र्य यांनी तीस वर्षे जर्जर झालेल्या घरांची राजीखुशी किती मोकळी होती, हा प्रश्न पुढे विचारला गेला आणि तो योग्यच होता.

१९५२ साली मार्टिन व्हिक्टोरिया येथील प्रांतिक संग्रहालयात गेले. तेथील अभिरक्षक विल्सन डफ यांच्या साह्याने त्यांनी संग्रहालयाशेजारच्या उद्यानात आपल्या पूर्वजांच्या घराच्या धर्तीवर एक मोठे घर उभारले, त्याच्या दर्शनी भिंतीवर स्वतःच्या हक्कातले चिन्ह रेखले, आणि १९५३ च्या डिसेंबरात तेथे पॉटलॅच केला. बंदी उठल्यानंतरचा तो पहिला उघड पॉटलॅच मानला जातो. संग्रहालयाच्या अंगणात संग्रहालयाच्या चाकरीतला माणूस यजमान म्हणून उभा राहिला आणि अधिकारी, पंडित, पत्रकार हे त्याचे पाहुणे, म्हणजे त्याच्या हक्काचे साक्षी झाले, ही घटना लहान नव्हे. १९६२ साली मार्टिन वारले तेव्हा त्यांचे शव याच घरात दर्शनासाठी ठेवले होते, आणि तेथून ते कॅनडाच्या नौदलाच्या जहाजाने ॲलर्ट बेला नेण्यात आले.

डफ यांच्या कारकिर्दीतील आणखी एक व्यवहार येथे थोडा विस्ताराने सांगण्याजोगा आहे. किटवनकूल या गावचे स्तंभ पावसापाण्याने कुजत चालले होते आणि ते व्हिक्टोरियाला नेऊन जतन करावे असे डफ यांना वाटत होते. गावकरी मात्र परक्या माणसांना वेशीच्या आत घेण्यास नाखूश असत. १९५८ साली उभयपक्षी करार झाला. काही स्तंभ संग्रहालयाने न्यावे. त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती कोरवून गावात उभ्या कराव्या. आणि गावच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेला आपला इतिहास, आपल्या भूमीच्या सीमा आणि आपले कायदे संग्रहालयाने छापून प्रसिद्ध करावे. पुढच्याच वर्षी ते पुस्तक निघाले. गावाने लाकडाच्या बदल्यात लाकूड तर मागितलेच, पण त्याखेरीज आपल्या भूमीवरील हक्काचा छापील दस्तऐवज मागितला, आणि एका सरकारी संग्रहालयाने तो छापून दिला. पुढे निस्गा या आणखी एका जमातीच्या भूमिहक्काचा गाजलेला खटला उभा राहिला तेव्हा डफ यांनी १९६९ साली न्यायालयात साक्ष दिली. काच पुसणे आणि वाळवी मारणे यापलीकडे अभिरक्षकाला कर्तव्य आहे, हे त्यांनी आपल्या वर्तनाने सिद्ध केले.

आता त्या स्त्रीकडे वळू जिच्या आयुष्यात हे सारे धागे एकत्र येतात. ग्लोरिया क्रॅनमर यांचा जन्म १९३१ साली ॲलर्ट बे येथे झाला. १९२१ चा पॉटलॅच करणारे डॅन क्रॅनमर हे त्यांचे वडील. आईकडून त्या जॉर्ज हंटच्या वंशातल्या. डग क्रॅनमर हे नामांकित मूर्तिकार त्यांचे बंधू. त्यांच्या समाजातील मुलींना विद्यापीठाची वाट जवळजवळ बंद होती त्या काळात त्यांनी ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातून १९५६ साली मानववंशशास्त्राची पदवी घेतली. पदवीनंतर पहिली नोकरी मिळाली ती ओकाला तुरुंगात, कैदी स्त्रियांच्या समुपदेशनाची. ज्या तुरुंगात आपल्या वडिलांच्या पॉटलॅचला आलेले आप्त डांबले गेले होते, त्याच तुरुंगात. पुढे सुटलेल्या कैद्यांच्या साहाय्यासाठी चालणाऱ्या एका संस्थेत त्यांनी काम केले, तेथे जॉन वेबस्टर यांच्याशी परिचय होऊन विवाह झाला, आणि नंतर व्हँकूवर शहरात येऊन पडलेल्या आदिवासी तरुणांसाठी त्या राबत राहिल्या. अभिरक्षकाचा पेशा त्यांच्या वाट्याला चाळिशीच्या उंबरठ्यावर आला.

१९७१ साली विद्यापीठाच्या संग्रहालयात साहाय्यक अभिरक्षक म्हणून त्या रुजू झाल्या. तळघरातील संग्रह नव्या इमारतीत जावयाचा होता आणि त्यासाठी प्रत्येक वस्तूची मोजदाद आणि नोंद आवश्यक होती. हे काम बाहेरून पाहणाराला कारकुनी वाटेल. परंतु ज्या स्त्रीला मुखवटा हातात घेताच तो कोणाच्या मामाचा, कोणत्या गाण्याचा, हे आठवत होते किंवा घरी विचारून कळत होते, तिच्यासाठी ती नोंद म्हणजे हंटने आरंभलेल्या दुरुस्त्यांचे पुढचे पान होते. १९७६ साली वास्तुशिल्पी आर्थर एरिक्सन यांनी किनाऱ्यावरच्या तुळयांच्या घरांवरून कल्पिलेली नवी वास्तू उघडली. तिथे गोदामातल्या वस्तूही प्रेक्षकांना पाहता येतील अशी व्यवस्था करण्यात आली, आणि दाराआड दडवलेला संग्रह ही कल्पनाच मोडली.

याच सुमारास क्वाक्वाकावाक्व लोकांच्या ओटावाच्या संग्रहालयाशी वाटाघाटी चालू होत्या. जप्त मुद्देमाल परत देण्यास ते तयार झाले, पण एका अटीवर: तो ठेवण्यासाठी रीतसर संग्रहालय बांधले पाहिजे. ज्यांच्या वस्तू सक्तीने नेल्या त्यांनाच त्या परत घेण्यापूर्वी संग्रहालय बांधण्याची सक्ती व्हावी, ही अट न्याय्य होती असे मला वाटत नाही. परंतु लोकांनी ती स्वीकारली, आणि एकाऐवजी दोन गावांत दोन संग्रहालये बांधली. केप मज येथील संग्रहालय १९७९ साली उघडले. त्याचा आराखडा समुद्रातील शंखासारखा वळत जाणारा, आणि तेथील वस्तू घराण्यांच्या नावांनी लावलेल्या. ॲलर्ट बे येथील युमिस्टा संस्कृतिकेंद्र १ नोव्हेंबर १९८० रोजी उघडले, आणि त्याच्या अभिरक्षक झाल्या ग्लोरिया क्रॅनमर वेबस्टर.

तेथील मांडणी पाहण्यासारखी आहे. मोठ्या घराच्या धर्तीच्या दालनात मुखवटे भिंतींच्या कडेने, पॉटलॅचमध्ये ज्या क्रमाने ते बाहेर येतात साधारण त्याच क्रमाने, ओळीने उभे आहेत, आणि त्यांच्यापुढे काच नाही. इतकी वर्षे कोंडून ठेवलेल्यांना पुन्हा कोंडायचे नाही, हा त्यामागचा विचार. संग्रहशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत धूळ, दमट हवा, प्रेक्षकांचे हात यांविषयी जे इशारे असतात ते वेबस्टर यांना ठाऊक नव्हते असे नाही. त्यांनी ते तोलले आणि दुसऱ्या पारड्यात अधिक वजन आहे असा निर्णय केला. मुखवट्यांखाली लाकडाची जात, उंची, रुंदी असल्या चिठ्ठ्यांऐवजी मोठे फलक आहेत, आणि त्यांवर एकीकडे अंमलदारांची सरकारी पत्रे, तर दुसरीकडे गावच्या वृद्धांच्या आठवणी. प्रेक्षकाने वस्तूकडे पाहावे आणि ती येथून कशी गेली हेही वाचावे. बोआसने मेसनशी वाद घालताना वस्तू तिच्या लोकांमध्ये ठेवा असे म्हटले होते. त्या म्हणण्याचा पुरा अर्थ १८८७ साली न्यूयॉर्कमध्ये किंवा वॉशिंग्टनमध्ये उमगणे शक्य नव्हते, तो ॲलर्ट बे येथे उमगला. भाषाशास्त्रज्ञ जे पॉवेल यांच्यासह वेबस्टर यांनी क्वाक्वाला भाषेची नवी लिपीपद्धती सिद्ध करून मुलांसाठी पाठमाला तयार केली, कारण मुखवटा घरी आला आणि त्याचे गाणे म्हणणारे मूल उरले नाही, तर परत आलेली वस्तू पुन्हा परकीच राहिली असती. केंद्राला लागूनच, मुलांना मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा करणाऱ्या सेंट मायकेल्स या निवासी शाळेची विटांची अवाढव्य इमारत होती. ती २०१५ साली पाडण्यात आली.

त्यानंतरच्या घटना वेगाने सांगता येतील. १९८८ साली कॅल्गरी येथील एका भव्य आदिवासी-कलाप्रदर्शनावर ल्युबिकन क्री लोकांनी आपल्या भूमीच्या प्रश्नासाठी बहिष्कार पुकारला. त्यातून संग्रहालये आणि आदिवासी यांचे संयुक्त कार्यदल नेमले गेले आणि १९९२ साली त्याचा अहवाल आला. टोरोंटोच्या संग्रहालयाने आपल्याकडचा मुद्देमाल १९८८ साली परत केला. १९९१ साली न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयाने हंट-बोआस संग्रहाचे मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हा आजच्या पॉटलॅचविषयीचा भाग वेबस्टर यांच्याकडे सोपवला गेला; ज्या संस्थेच्या संग्रहासाठी हंटने वस्तू जमवल्या तिच्यात त्याच्या वंशातली स्त्री अधिकाराने लिहिती झाली. जॉर्ज हायच्या संग्रहातील काही वस्तू १९९३ साली आणि आणखी काही २००२ साली परतल्या. फ्रेंच कवी आंद्रे ब्रेताँ याच्या संग्रहातले एक शिरोभूषण त्याच्या कन्येने २००३ साली स्वतः आणून दिले. ब्रिटिश म्युझियमने मात्र आपल्याकडचा मुखवटा २००५ साली दीर्घ मुदतीच्या उसनवारीवर धाडला. मालकी सोडली नाही.

ग्लोरिया क्रॅनमर वेबस्टर यांना २०१७ साली कॅनडाचा राष्ट्रीय सन्मान मिळाला आणि २०२३ साली त्यांचे निधन झाले. माझ्या मते या पेशाच्या इतिहासात त्यांचे नाव बोआसच्या शेजारी नव्हे, हंटच्या खालोखाल लिहिले पाहिजे. १९२१ च्या त्या पॉटलॅचनंतर जप्त झालेल्या मुद्देमालातील काही वस्तूंचा पत्ता अद्याप लागलेला नाही, आणि त्यांचा शोध ॲलर्ट बे येथूनच चालतो.